पुरी शाबूत राहिली त्या सालची खबर

फागुन, होळीच्या चार दिवस आधी

तीर्थस्वरूप रंगुदादाच्या पायाशी धाकट्या मनकर्णेचा कमरेतून वाकून नमस्कार. (साष्टांग घालणार होती, पण एकदा खाली गेली की उठवाले माणूस लागते, अन् घरात आता माझ्याशिवाय फक्त मांजर हाय.) सरस्वतीवहिनीले रामराम, पोट्ट्यायले आशीर्वाद. अक्षर माझंच हाय. दुसरीतून तुम्हीच मले घरी आणलं होतं, म्हैस राखाले कोणी नव्हतं म्हणून. मंग पुढं तुम्ही स्वतःच मास्तर झाले, तवा जिथं चुकलं तिथं तुम्हीच दुरुस्त करून वाचजा.

पहिले तुमच्या तब्येतीचं. गुडघा कसा हाय ते खरं खरं लिहजा. उकिडवं बसता येते काय? बसलं तर दोन लोटे भरतीन येवढा वेळ तरी बसवते काय? बोटायमधी जोर हाय ना? अंगानं भरले का तसेच सुकटे हाय? मांगं पाह्यलं तवा तुम्ही जवळजवळ माझ्याच मापाचे दिसत होते. कोणी म्हणन हे काय इचारणं झालं, पण भावाच्या तब्येतीची चौकशी बहिणीनं नाही करायची तर कोणी करायची. इकडं सारं बरं हाय. वांगे बरे हाय, म्हैस बरी हाय, हे पण बरे हाय. (वांग्याच्या अन् म्हशीच्या मांगून लिहलं म्हणून ह्यायनं रुसू नये, आठवलं तसं लिहून राह्यली.) नात प्रतिमा नांदुऱ्याच्या शाळेत सातवीत हाय. तिचे मायबाप अकोल्याले गिरणीत, म्हणून ती आमच्यापाशी राहते, अन् आमच्या घरचं वर्तमानपत्र तीच.

दादा, खबर अशी हाय का मी जिंकली. म्हणजे जवळजवळ जिंकली. मी समुद्र पाहणार हाय. तुम्ही ट्रेनिंगच्या वक्ती मुंबईहून माझ्यासाठी एक शिंपला आणला होता, तो अजून देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी हाय. मी नऊ वर्षाची होती तवा तो कानाले लावून बसत होती अन् माय म्हणे, हिच्या कानात काय घुसलं पाहा. तेच घुसलं होतं. आता ते कसं निघालं हे सांगाले मले पुरं साल सांगावं लागते, कारण ह्या साली देशात जे जे झालं ते ते आमच्या घरात पण झालं.

सुरुवात मांगच्या चैतात झाली. पंचायतीच्या रेडिओवर सांगतलं का रशियाचा एक माणूस आभाळात गेला, साऱ्या पृथ्वीले चक्कर मारली अन् खाली आला. (रेडिओची किल्ली उकंडरावपाशी राहते. पंचायतीत मेंबर हाय अन् ती किल्ली करदोट्याले बांधून फिरतात. त्यायची मर्जी असली का देशात बातम्या होतात, नसली का होत नाही.) मी तिथं वांग्याची पाटी टेकवून ऐकत होती. मनात हिशेब केला, म्हणजे तो माणूस न्याहारी करून निघाला असन अन् जेवाले घरी. अन् मी ह्या घरची सून झाली तवापासून इकडं शेगाव अन् तिकडं मलकापूर, ह्याच्या पल्याड पाय टाकला नाही. मुंबईची गाडी आमच्या वांग्याच्या वावराच्या कडेनं रोज जाते. वांगे तिले पाहून राह्यले, मी वांग्यायले पाहून राह्यली. घरी येऊन ह्यायले म्हणलं, माणूस आभाळ पाहून आला, मले समुद्र तरी दाखवा. हे भाकर कुस्करत म्हणे, "समुद्र म्हणजे काय? पाणी अन् मीठ. तुह्या भावाच्या गावाले लोणारचं तळं हाय, त्याचं पाणी खारंच हाय. तिथं जाऊन ये, भावाची भेटही होते." मी म्हणलं, त्या तळ्यात लाटा कुठं हाय. तर म्हणे, "गोटा टाक, येतीन."

त्याच आठवड्यात अखाजी आली. आता तुम्हाले ठाऊकच हाय, दरसाल अखाजीले आमच्या गावचे लोक गाडीबैल जुंपून भेंडवळले सालभराचं भविष्य सांगणारी घटमांडणी पाहाले जातात. मांगच्या साली आमचा बैल लंगडत होता म्हणून हे गेले नाही, अन् घरात बसून दुसऱ्यायच्या बैलायले नावं ठेवत होते. मले वाटलं, घट आपणच मांडून पाहावा. भेंडवळचा घट तो भेंडवळचा, त्याची बरोबरी मी करत नाही, माझा आपला घरगुती. वांग्याच्या वावरात, इहिरीच्या मांगं, सांजेले गोल आखला, सारे धान्य मांडले. मधात खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यायची चार ढेकळं, अन् त्यावर पाण्याची घागर. घागर म्हणजे समुद्र. (पाहा दादा, हातानं समुद्र मांडून राह्यली अन् डोळ्यानं पाह्यला नाही.) घागरीवर पुरी, ती पृथ्वी. बाजूले करंजी, तो सरकारचा खजिना. अन् विड्याचं पान अन् त्यावर सुपारी, ती राजाची गादी. रातभर तिकडं कोणी फिरकायचं नाही अन् उजाडता पाहायचं, काय हाललं, काय सरकलं, काय जागेवर राह्यलं.

उजाडता मी पाह्यलं तर दुसरं ढेकूळ पार इरून गेलं होतं. पान जागेवर होतं पण सुपारी घरंगळून उगवतीकडून मावळतीकडं जाऊन पडली होती. करंजी अर्धी गायब. अन् पुरी, दादा, पुरी अशी फुगलेली, टपोरी, मुंगी सुद्धा लागलेली नाही. मी तिथंच हात जोडले. घरी येऊन सांगतलं, ह्या साली दुसऱ्या महिन्यात पाणी जोराचं हाय, मोठी गादी राहीन पण मावळतीकडची एक गादी घरंगळन, अन् पृथ्वीले काही होत नाही. हे म्हणे, "अन् करंजी?" मी म्हणलं, खजिना अर्धा खाल्ला जाईन. तर हे म्हणे, "त्याले घट कशाले मांडाले लागते, ते तर दरसालचं हाय." मंग उकंडरावच्या देखत पैज लागली. पुढच्या अखाजीच्या आत पाणी, गादी अन् पृथ्वी, ह्या तिन्ही गोष्टी खऱ्या झाल्या तर हे मले समुद्र दाखवतीन. एक बी खोटी झाली तर मी जलमात समुद्राचं नाव काढायचं नाही अन् शिंपला इहिरीत टाकायचा. शिंपल्याची अट ह्यायनीच घातली. मी एक डाव देव्हाऱ्याकडं पाह्यलं अन् हाव म्हणलं.

मंग जुलै लागला तवा सरकारनं हुंड्याचा कायदा लागू केला. ही पैजेतली गोष्ट नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सांजच्या बातम्यायले अर्धं गाव जमलं होतं. रेडिओतला बाबा म्हणे, हुंडा देणं गुन्हा, घेणं गुन्हा, अन्... तितक्यात उकंडरावनं कान पिळला अन् रेडिओ बंद. म्हणे, "बॅटरी उतरली." बॅटरी सकाळीच नवी टाकलेली. पण उकंडरावच्या पोराचं त्याच आठवड्यात ठरलं होतं, एक सायकल, एक घड्याळ अन् जवायाले कोट. मांगून कोणीतरी बोललं, "उकंडराव, बॅटरी सायकलीची का रेडिओची?" त्या दिवसापासून दोन दिवस देशात काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी उकंडराव सोयऱ्यायच्या गावी जाऊन आले, सायकल नको म्हणून सांगून आले, अन् रेडिओ सुरू झाला. (घड्याळाचं काय झालं ते इचारू नका. पोरगा आता अस्तनी खाली ओढून फिरते.)

अन् मंग पुण्याचं पाणी आलं. धरण फुटलं, शहरात पाणी शिरलं. दुसरं ढेकूळ मले डोळ्यासमोर दिसाले लागलं. घरी येऊन ह्यायले म्हणलं, पैज मोडा, मले नाही पायजे असला समुद्र. हे माणूस कसा हाय पाहा. येरवी पै पैशाले भांडतीन, पण त्या दिवशी म्हणे, "बुढे, पाणी तुह्या ढेकळानं नाही आलं. ऊठ, काय देता येते ते पाहू." गावानं ज्वारी काढली, कपडे काढले, गाडी भरून नांदुऱ्याच्या टेशनावर नेली. मी माझं दिवाळीचं नवं लुगडं दिलं. हिरवं इरकली जुनं होतं, ते देऊन नवं ठेवावं असं मन म्हणत होतं. पण हिरवं देता येत नव्हतं. त्या हिरव्या लुगड्याबिगर आमची म्हैस कोणाले जवळ उभी करत नाही. एक डाव मी पिवळं नेसून गेली तर तिनं लोटा असा उडवला का तो उकंडरावच्या अंगणात सापडला. म्हणून नवं पुण्याले गेलं अन् जुनं म्हशीसाठी राह्यलं. कोण्या बाईनं ते नेसलं असन, सुखात राहो.

पावसाळा सरला, दिवाळी झाली. एक गोष्ट खरी झाली होती अन् त्याचा मले आनंद करता येत नव्हता, अन् गादी काही घरंगळून नाही राह्यली. मी रोज पंचायतीच्या ओसरीवर जाऊन इचारो, "मावळतीकडं काही झालं काय?" उकंडराव म्हणे, "मनकर्णाबाई, मावळतीकडं फक्त सूर्य पडला." हे घरी येऊन हसत. शिंपला इहिरीत कसा वाजन याचा आवाज काढून दाखवत.

अन् मंग डिसेंबरात, थंडी कडाक्याची, उकंडराव स्वतः आमच्या दारात. पायात एकच वाहाण. म्हणे, "हिंमतराव, चला, गोवा सुटला." आपल्या जवानायनं गोवा घेतला, पोर्तुगीजाची गादी गेली, पणजीले आपला झेंडा. मी हातातलं दूध तसंच घेऊन पळाली. ओसरीवर येवढी माणसं का रेडिओ दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. ह्यायचं तोंड मी त्या दिवशी नीट पाह्यलं. डावीकडून पाह्यलं तर देशासाठी हासत होतं, उजवीकडून पाह्यलं तर पैजेसाठी पडलेलं. पण गूळ वाटाले हेच पुढं. साऱ्या गावाले वाटला, मलेही दिला, अन् देता देता हळूच म्हणे, "गोवा मावळतीले नाही, दक्षिणेले हाय."

झालं. घरी येऊन प्रतिमाच्या शाळेचा नकाशा खाटेवर पसरला. हे म्हणे खाली हाय म्हणून दक्षिण. मी म्हणलं कडेले हाय म्हणून मावळती. ह्यायनं नकाशाच फिरवला, तर गोवा उगवतीले गेला अन् कलकत्ता चुलीत जाता जाता राह्यला. प्रतिमा म्हणे, "आबा, नकाशा फिरवला म्हणून देश फिरत नाही." शेवटी उकंडरावले बोलावलं. त्यायनं नकाशाकडं पाह्यलंच नाही. मिशीवर हात फिरवून म्हणे, "समुद्र कोण्या दिशेले? मावळतीले. गोवा कशावर हाय? समुद्रावर. मंग झालं." हे उठून म्हशीले वैरण टाकाले गेले, जे ते कधी टाकत नाही. म्हैस ह्यायले पाहून मांगं सरकली.

संक्रांतीच्या वक्तीले आपल्या लोकायनं इंग्लंडच्या लोकायले चेंडूफळीत हारवलं, तेही एकदा नाही, पुरी मालिका का काय म्हणतात ते. पोट्टे ओसरीवर नाचले. मले थोडं वाईट वाटलं. आदल्या हिवाळ्यात त्यायची राणी आपल्याकडं पाहुणी येऊन गेली होती, अन् साल नाही होत तर आपण तिच्या लेकरायले हारवून घरी लावलं, बरं दिसते काय? उकंडराव म्हणे, "दीडशे साल त्यायनं आपल्याले हारवलं, तवा कोणी इचारलं नाही." ते पण खरं हाय. मी एक लाडू जास्त खाल्ला.

आता राह्यली पुरी. दादा, पौषाच्या अमावस्येले आठ ग्रह एका राशीत येऊन जग बुडणार ही बोंब तुमच्याकडंही झालीच असन. आमच्या गावात तर कहर. कोणी यज्ञ मांडला, कोणी सप्ताह बसवला. आमच्या शेजारची कौशल्याबाई, जी चहात गुळाचा खडा दाखवून काढून घेते, तिनं घरातलं सारं तूप काढून तीन दिवस पुरणपोळ्या केल्या, म्हणे देवाघरी डबा नेता येत नाही. उकंडरावनं तर करदोट्याची किल्ली सोडून पंचायतीच्या खुंटीले अडकवली. सारं गाव भ्यालं अन् मी एकटी वांगे तोडत गाणं म्हणत होती. मले काऊन भेव वाटन? माझी पुरी शाबूत होती. बाया येऊन माझ्या पाया पडाले लागल्या, मी त्यायले सांगो, काही होत नाही, मी पाह्यलं हाय, मुंगी सुद्धा नव्हती.

हे मात्र बसले होते घोंगडीत. मी म्हणलं, जग बुडालं तर तुमचा फायदाच हाय, पैज तुम्ही जिंकता. हे म्हणे, "हाव, पण जिंकून सांगू कोणाले?" मंग अमावस्येच्या दिवशी दुपार कलली तवा ह्यायनं मले जवळ बसवलं. म्हणे, "मनकर्णे, जाता जाता मनात काही ठेवू नये. अखाजीच्या पहाटे मी इहिरीवर गेलो होतो. भूक लागली होती. ती पुरी मीच खाल्ली." मी म्हणलं, पुरी तर होती. म्हणे, "ती दुसरी होती. तू पाहशीन म्हणून डब्यातून ताजी आणून ठेवली." मी म्हणलं, अन् करंजी? "ती बी. अर्धीच. तुह्यासाठी ठेवली अर्धी." अन् सुपारी? "सुपारीले मी हात लावला नाही, बाळकृष्णाची आण." घोंगडी सावरून म्हणे, "पाय लागला असन."

दादा, ऐका. साऱ्या गावाले दिवसभर भेव वाटलं होतं, मले ते सारं एकदम त्या घडीले वाटलं. ज्या पुरीच्या भरवशावर मी पृथ्वी धरून बसली होती ती ह्यायच्या पोटात होती, दहा महिन्याआधीच पचलेली. अन् बाया तिकडं माझ्या भरवशावर लेकरं खेळवत होत्या. काय करावं ते सुचेना म्हणून दूध काढाची वेळ झाली तशी मी उठली, हिरवं लुगडं नेसली अन् गोठ्यात गेली. म्हैस उभी. रवंथ करून राह्यली. मी खाली बसली, सडाले हात लावला, अन् तिनं पान्हा सोडला, रोजच्यासारखा, फेसाळ. मी तिच्या पोटाले डोकं टेकवलं अन् हासाले लागली. जग बुडणार असतं तर हिले नसतं कळलं? पिवळं लुगडं कळते, जग बुडणं कळणार नाही? मी लोटा घेऊन बाहेर आली अन् ह्यायले म्हणलं, "उठा, चहा मांडते. काही बुडत नाही." दुसऱ्या दिवशी सूर्य वांग्यायच्या वर बरोबर आपल्या जागेवर उगवला. कौशल्याबाई सकाळीच दारात, तूप उसनं मागाले.

तवा तिन्ही गोष्टी खऱ्या झाल्या. पण हे काय मानतात. घोंगडीतून निघाले अन् न्याहारी झाल्याबरोबर म्हणे, "घटच बाटलेला होता. पुरी बदललेली, सुपारी लाथाडलेली. पैज रद्द." मी म्हणलं, म्हणजे ढेकूळ सोडलं तर सालभराचं भविष्य तुम्हीच मांडलं, भुकेच्या पोटी, अन् तरी ते खरं झालं. तुम्ही तर भविष्यवाले निघाले, आता तुमचं तुम्हीच खोटं पाडता काय? उकंडरावपाशी निवाडा गेला. (किल्ली परत करदोट्याले होती.) ते म्हणे, "पुरी कोणी ठेवली ते घट इचारत नाही. पृथ्वी तरी कोणी ठेवली, कोणाले ठाऊक हाय?" मंग माघात मतदान झालं, मी बोटाले शाई लावून आली, अन् मोठी गादी जागेवर राह्यली, पान जागेवर होतं तशीच. आता तर ह्यायले बोलाले जागाच नाही उरली.

म्हणून ह्यायनं काय केलं असन? म्हणे, "ठीक हाय. पैज समुद्राची होती, कोणता ते ठरलं नव्हतं. होळी झाली का तुले लोणारचा दाखवतो." म्हणून दादा, रंगपंचमी झाल्यावर आम्ही एस.टी.नं तुमच्याकडं येऊन राह्यलो. बाकी काही काम नाही. फक्त भेटाले. वहिनीले म्हणजा तकलीफ करू नये, ह्यायले नुसतं पिठलं चालते, फक्त ते त्यायच्या बहिणीच्या हातासारखं असलं पायजे, जे कोणालेच जमत नाही.

तुमची बहीण,
मनकर्णा

ता. क. — येवढं एक करजा. ह्यायले तळ्याच्या काठावर नेऊन उभं करजा. हे म्हणतीन, झाला समुद्र. तवा तुम्ही वाद घालू नका, त्यायले वादात कोणी हारवलं नाही. तुम्ही फक्त येवढं म्हणजा, "पाहुणे, बरं केलं इथंच आले. या वयात मुंबईले जाणं तुमच्यानं काही झालं नसतं." बास. पुढचं बोलू नका. ह्यायच्यानं काही होत नाही असं कोणी म्हणलं, अन् त्यातही बायकोच्या भावानं, तर हा माणूस चंद्रावर जाईन. दुसऱ्याच दिवशी तिकिटं निघतीन. तुम्हाले मास्तरकीत पोट्टे चिडवाची सवय हाय, जमन.

दुसरं ता. क. — (दोन दिवसानं लिहून राह्यली.) वरचं काही करू नका. पत्र पेटीत टाकाले ह्यायच्याच हातात दिलं होतं, मले वाटलं चष्मा घरी हाय. चष्मा खिशात होता. सांजेले पत्र परत आणून माझ्यासमोर ठेवलं अन् म्हणे, "पाकिटाले खळ कमी होती. उघडलं आपोआप." अन् जेवाले बसले. हात धुतले, अन् उकंडरावच्या घरी गेले. प्रतिमानं जाऊन ऐकलं तर इचारत होते का मुंबईची गाडी नांदुऱ्याले किती वेळ थांबते, अन् बाईमाणसाले चढाले तेवढा पुरते का. घरी आले अन् म्हणे, "तुह्या भावाले लिही, हिंमतरावच्यानं काय होते अन् काय नाही ते मुंबईहून कळवीन." दादा, मी देव्हाऱ्यातला शिंपला कानाले लावला. अजून वाजते.

तिसरं ता. क. — आता खरं ते लिहते, जागा थोडीच उरली. रंगपंचमीले आम्ही लोणारले येत नाही, तुम्ही इकडं या. आम्ही मुंबईले असू तवा म्हैस कोण पिळन? प्रतिमाले ती लाथ मारते. सरस्वतीवहिनीले शिंगाचं भेव. परक्याले ती जवळ येऊ देत नाही. पण ही म्हैस माझ्या लग्नात तुम्ही आंदण दिलेल्या पारडीच्याच वंशातली, म्हणजे तुमच्या घरचीच, अन् लहानपणी मायच्या म्हशीचं दूध तुम्ही माझ्याहून चांगलं काढत होते. फक्त येवढं, का हिरवं लुगडं नेसाले लागन. धुऊन, निऱ्या घालून, दांडीवर ठेवलं हाय. तुम्ही हेडमास्तर राह्यले, कोट-टोपीचे माणूस, मले सारं समजते. म्हणून तर पहिलेच गुडघ्याचं अन् मापाचं इचारून घेतलं. पदर डोक्यावरून घेजा, मिशी तिले दिसाले नाही पायजे. प्रतिमा निऱ्या खोचून देईन, ती कोणापाशी बोलणार नाही. गावात कोणाले पत्ता लागत नाही याची मी काळजी घेतली हाय. फक्त उकंडरावच्या कानावर घातलं.